संघांना देशांची नावं देणार असाल तर 'भारत' ठेवू नका

चौथामजला

नमस्कार मंडळी. जानेवारी तोंडावर आलाय, म्हणजे ठिकठिकाणच्या मंडळांत क्रीडा महोत्सवाच्या मीटिंगा सुरू झाल्या असणार. आमच्याही झाल्या. गेली दोन वर्षं आम्ही देशांच्या नावाने संघ पाडून सांघिक खेळ घेतोय. पहिल्या वर्षी सपशेल तोंडावर आपटलो, दुसऱ्या वर्षी बऱ्यापैकी जमलं. तिसऱ्या वर्षाआधी इथल्या जाणत्यांचं मत घ्यावं म्हणून हा धागा.

आधी हे सुरू का केलं ते सांगतो. आमची डोंबिवलीतली सोसायटी म्हणजे पूर्वीची चाळ. पुनर्विकास होऊन चार इमारती झाल्या, युवक मंडळ मात्र चाळीच्या काळातलंच. २६ जानेवारीला झेंडावंदन आणि जिलेबी झाली की खेळ. संघ वर्षानुवर्षं विंगप्रमाणे, त्यामुळे भांडणंही विंगप्रमाणे. एका वर्षी रस्सीखेचीत बी विंगच्या पोरांनी ड्रेनेजच्या झाकणाला टाच लावून ओढलं, यावरून जे सुरू झालं ते पार्किंगपर्यंत आणि तिथून सर्वसाधारण सभेपर्यंत गेलं. 'झाकणाला टाच लावणे' हा मुद्दा सभेच्या इतिवृत्तात आहे, खोटं नाही सांगत.

मग ठरलं की विंग बंद. आठ ते बावीस वयाच्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, वयाचे तीन डबे करायचे, म्हणजे प्रत्येक संघात लहान-मोठे सारखे येतील, आणि संघांना देशांची नावं द्यायची. देश कुठले? भारत, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, न्यूझीलंड. कोणाची आयडिया होती आठवत नाही, बहुधा माझीच.

पहिला खेळ लंगडी. शिट्टी वाजली आणि अख्खं पटांगण 'इंडिया, इंडिया' ओरडायला लागलं. ज्यांची पोरं इंग्लंडमध्ये होती तेही! पंचाने भारताच्या एका मुलीला रेषेबाहेर पाय पडला म्हणून बाद दिलं, तर पंचाचा उद्धार. आणि ऑस्ट्रेलियात होता सहावीतला एक मुलगा. काटक, लंगडीत वाघ. एका दमात त्याने भारताचे तिघे टिपले, दोन्ही हात वर केले आणि कठड्याकडे वळून बघितलं. तिथे त्याची सख्खी आज्जी कागदी तिरंगा हलवत भारताच्या बाजूने ओरडत होती. तिला बिचारीला कळलंच नव्हतं की नातू कुठल्या संघात आहे. तो जो पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसला, तो खो-खोला उठला नाही. मी समजवायला गेलो तर म्हणाला, "दादा, मी जिंकलो की सगळ्यांना वाईट वाटतं."

त्या दिवशी भारत जिंकला. टाळ्या जोरदार झाल्या. पण बाकी तीन संघांतली पोरं वडापाव घेऊन थेट घरी गेली, बक्षीस समारंभाला थांबली नाहीत.

दुसऱ्या वर्षी काय केलं ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, आत्ता लोकल आली.

शिट्टीवाला

पिंपामागचा मुलगा डोळ्यासमोर आला. आमच्याकडे थोडं वेगळं झालं होतं. भारतासमोर थेट शेजाऱ्यांचं नाव ठेवलं होतं एका महाभागाने, 'रंगत येईल' म्हणून. रंगत इतकी आली की त्या संघातल्या चौघांच्या आयांनी मुलांना खेळूच दिलं नाही. शेवटी ऐनवेळी नाव बदलून 'संघ ब' केलं.

पुढचा भाग लवकर टाका.

मधुमालती

वाचतेय. पण मला एक कळलं नाही, देशच कशाला? नद्या, किल्ले, फुलं काय कमी आहेत? आमच्या महिला मंडळात मोगरा, जाई, शेवंती असे गट असतात, कधी वाद नाही.

चौथामजला

@मधुमालती, किल्ले आम्हीही सुचवले होते. पण मग 'रायगड' कोणाला द्यायचा यावरून मीटिंगमध्येच जुंपली. फुलांना पोरांनी नाकं मुरडली. :)

तर दुसरं वर्ष. दोन नियम केले. एक, भारत नाही आणि क्रिकेटमुळे ज्यांच्याविषयी आधीच राग-लोभ आहे असा एकही देश नाही. दोन, प्रत्येक देशाने आपला एक खेळ आणायचा. नुसतं नाव लावून टी-शर्ट घालायचे नाहीत. त्या देशात मुलं खरोखर खेळतात असा, आमच्या पटांगणात मावेल असा सांघिक खेळ शोधायचा, बाकीच्यांना शिकवायचा आणि त्या खेळाचं पंचपण करायचं. आपल्या खेळात आपल्याला गुण नाहीत. हे शेवटचं कलम आमच्या एका कॉलेजकन्येचं. नाहीतर प्रत्येक संघ आपल्याच खेळात बाजी मारणार, मग स्पर्धा कसली.

सहा संघ झाले: जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, घाना, नेपाळ, पोलंड.

जपानने आणला तामाइरे. तिकडच्या शाळांत क्रीडादिन असतो, उंदोकाई म्हणतात, त्यात हा असतोच. उंच काठीवर टोपली, आणि खालून सगळ्यांनी एकदम कापडी चेंडू आत टाकायचे. टोपली म्हणून आम्ही मंडपवाल्याच्या बांबूला फुलवाल्याची करंडी बांधली. चेंडू सी विंगच्या आज्ज्यांनी शिवले, जुन्या साडीचे, आत भाताचा कोंडा. शंभर शिवले. त्यातले दहा-बारा सुटले आणि पोरांच्या डोक्यात कोंडा. खरी मजा मोजणीत. दोन्ही संघांचे पंच करंडीतला एकेक चेंडू बरोबरच वर उडवतात आणि सगळे मिळून मोठ्याने मोजतात. ज्याची करंडी आधी रिकामी तो हरला. तिसाच्या पुढे मोजणी गेली की पटांगणात जी शांतता पसरते ती मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी अनुभवली आहे.

इंडोनेशियाने पोत्यातली शर्यत आणली. आपल्याला वाटतं ती आपलीच. पण तिकडे १७ ऑगस्टला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला, गल्लोगल्ली हीच शर्यत लागते. जोडीला दोरीला टांगलेला कुरकुरीत पापड हात मागे बांधून खायचा. आम्ही पोह्याचे पापड टांगले. वाऱ्याने असे हलत होते की एका पोराने पापडाऐवजी दोरीच चावली.

फिलिपिन्सबद्दल वेगळं लिहितो, तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भारी भाग आहे.

सूरपाटी

फिलिपिन्स म्हणजे पातिंतेरो असणार. माझं नाव वाचा आणि मग पुढे लिहा.

चौथामजला

@सूरपाटी, ओळखलंत!

फिलिपिन्सची पोरं इंटरनेटवरून पातिंतेरो शोधून आली. जमिनीवर लांबट चौकोन, त्यात आडव्या रेषा, मधून एक उभी. रेषेवर उभे असणाऱ्यांनी रेषा सोडायची नाही, आणि दुसऱ्यांनी शिवू न देता पार जाऊन परत यायचं. तिकडे या खेळाला 'तुबिगान' असंही म्हणतात. तुबिग म्हणजे पाणी. रेषा पाणी ओतून आखायचे म्हणून. आमची पोरंही बादली घेऊन रेषा आखत होती, आणि ऊन असं की शेवटची रेषा होईपर्यंत पहिली वाळलेली.

कठड्यावर डी विंगच्या सावंत आज्जी (आडनाव बदललंय) बसल्या होत्या, वय पंच्याहत्तरच्या आसपास. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अरे मेल्यांनो, ह्या आट्यापाट्या आहेत. फक्की आणा." कोणालाच फक्की म्हणजे काय कळेना. शेवटी वॉचमनने रंगकामातून उरलेली चुन्याची पिशवी आणली. आज्जी वाकून नाही, काठीने दाखवत होत्या आणि पोरं फक्की मारत होती. पाटीची रुंदी किती, दोन पाट्यांत अंतर किती, सगळं पावलांनी मोजून. मधली उभी आखून झाल्यावर म्हणाल्या, "ही सूरपाटी. हिच्यावर उभा राहणारा पोरगा चपळ हवा, बाकीचे चालतील."

मग फिलिपिन्सचे पंच आणि आज्जी यांच्यात नियमांवरून वाद. आज्जींचं म्हणणं, परत येणाऱ्याने 'लोण' म्हणून ओरडलंच पाहिजे. पंच म्हणे मनिलात असं नाही. आज्जी म्हणाल्या, "मनिलात नसेल. डोंबिवलीत आहे."

सूरपाटी

आज्जींना माझा साष्टांग नमस्कार सांगा. लोण म्हणजे मीठ. आमच्या गावी परतणारा गडी 'मीठ, मीठ' करत यायचा. नऊ पाट्या आणि सूरपाटी, नऊ-नऊ जण. आम्ही शाळेत असताना चांदण्यात खेळायचो. फिलिपिन्समध्येही चांदण्या रात्री खेळायची पद्धत आहे असं वाचलंय. समुद्रापलीकडच्या पोरांनाही तीच वेळ सुचावी याची गंमत वाटते.

फक्की शब्द तीस वर्षांनी वाचला. वाचनखूण साठवली.

पेन्शनर

धागा वाचला. कौतुक आहे, पण मनात आलं ते लिहितो. आपल्याच खेळाकडे आपली पोरं मनिलामार्गे येणार का? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन कबड्डीसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. तेव्हा आपण जगाला दाखवत होतो. आता आपली मुलं करंडीत चेंडू टाकतायत. लंगडी, खो-खो, लगोरी, विटीदांडू यांनी काय घोडं मारलंय?

शिट्टीवाला

पेन्शनर काका, खो-खो कुठेही गेलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने हरवलं आणि मुलांनीही नेपाळलाच ५४-३६ ने. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या स्पर्धेत घाना आणि पोलंडही होते, पेरू आणि ब्राझीलही. म्हणजे घानाच्या पोरांनी आपला खेळ शिकायला वेळ काढला. आपल्या पोरांनी त्यांचा एखादा शिकला तर काय बिघडलं?

चौथामजला

पेन्शनर काका, विटीदांडू झाला की! फक्त तो नेपाळने आणला. तिकडे त्याला डंडी बियो म्हणतात. २०१७ मध्ये व्हॉलीबॉलला राष्ट्रीय खेळ जाहीर करेपर्यंत नेपाळी माणसाला राष्ट्रीय खेळ विचारला तर तो डंडी बियोच सांगायचा. आमच्या नेपाळ संघाचा म्होरक्या वॉचमनचा मुलगा होता, मूळचा तिकडचाच. चिठ्ठीत त्याला नेपाळ आलं ही निव्वळ योगायोगाची गोष्ट, कोणी लबाडी केलेली नाही. त्याने आणि त्याच्या वडिलांनी मिळून विट्या तासल्या. इतकी वर्षं ज्या माणसाला आम्ही 'गेट उघड' एवढंच म्हणत आलो, तो त्या दिवशी मुख्य पंच होता आणि ए विंगचे सेक्रेटरी त्याला नियम विचारत होते.

विटी एका गाडीच्या काचेला लागली. काच फुटली नाही, पण यंदा जागा बदलणार.

मधुमालती

घानाचं राहिलं. आणि पोलंड कुठून आलं मध्येच?

चौथामजला

घानाने आंपे आणला. तो मुख्यतः मुलींचा खेळ. दोघी समोरासमोर टाळ्या वाजवत उड्या मारतात आणि खाली येताना एक पाय पुढे टाकतात. दोघींचा पाय जुळला की एकीला गुण, नाही जुळला की दुसरीला. आधीच ठरवून घ्यायचं. संघ करून रांगेने खेळता येतो. आपल्या झिम्म्याची जवळची मावसबहीण. मुलगे आधी दात काढत होते, मग त्यांना तो जमेना. ताल चुकला की पाय चुकतो. बी विंगच्या तालमीबाज पोराला आठवीतल्या मुलीने सलग सात वेळा हरवलं. तो अजून पार्किंगमध्ये मित्रांबरोबर सराव करताना दिसतो.

पोलंड हे आमच्या खजिनदाराच्या सासऱ्यांमुळे. ते कोल्हापूरचे.

रंकाळा

मग वळिवडे आलंच! कोल्हापूरकर म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेले पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत होते. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होतं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. त्या छावणीत वाढलेली माणसं म्हातारपणी वळिवडं बघायला परत यायची. डोंबिवलीच्या पटांगणात पोलंड आलं याचा मला कोल्हापूरकर म्हणून उगाचच अभिमान वाटला. खेळ कोणता घेतला?

चौथामजला

@रंकाळा, जमिनीवर चौकोन आखून लंगडत जायचं, 'क्लासी'. आपली टिकरीच. रिले करून घेतला. खेळापेक्षा सासऱ्यांची गोष्ट लांबली, ते माइक सोडेनात. पण पोरं ऐकत होती.

पोलंडवरून आठवलं, आमची सगळ्यात मोठी फजिती. संचलनासाठी झेंड्यांचे फलक छापायला दिले होते. पोलंडचा झेंडा वर पांढरा, खाली लाल. इंडोनेशियाचा वर लाल, खाली पांढरा. छपाईवाल्याने दोन्ही एकच समजून एकाच फाइलमधून काढले. सकाळी साडेसातला लक्षात आलं. उपाय सोपा होता, एक उलटा धरायचा. पण फलकावर खाली देशाचं नाव होतं ना! मग पोलंडचं नाव उलटं. पोरांनी उलटंच वाचून घोषणा दिली, 'डलंपो, डलंपो'. दिवसभर तेच चाललं. आता सोसायटीत पोलंडला कोणी पोलंड म्हणत नाही.

पेन्शनर

डलंपो. :)) हे मात्र झकास.

रस्सीखेचीचं काय झालं? तिथेच सगळी भांडणं होतात असं तुम्हीच म्हणालात.

कायदेपंडित

झेंड्यांवरून थोडं गंभीर. ध्वजसंहितेत इतर देशांच्या झेंड्यांबद्दलही नियम आहेत. शांततेच्या काळात एका राष्ट्राचा झेंडा दुसऱ्याच्या वर लावायचा नाही, सगळे सारख्या आकाराचे आणि सारख्या उंचीवर. क्रम देशांच्या इंग्रजी नावांच्या अकारविल्हे. तिरंगा कमरेखालच्या कपड्यावर वापरायचा नाही, रुमाल-उशीवर छापायचा नाही. कागदी तिरंगे कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि २७ तारखेला सकाळी रस्त्यावर तेच दिसतं.

आणखी एक. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर कलमा लिहिलेला आहे. तो टी-शर्टवर, चेंडूवर, जमिनीवर छापू नका. कोणाचं मन दुखावेल याची कल्पना पोरांना नसते, आपल्याला असायला हवी.

चौथामजला

@कायदेपंडित, पहिल्या वर्षीचे कागदी तिरंगे आम्ही रात्री अकरापर्यंत वेचत होतो, त्यामुळे पटलं. म्हणूनच यंदा कापडाचा झेंडा कोणालाच नाही, मनगटाला फक्त दोन रंगांच्या फिती.

रस्सीखेच: ती आम्ही शेवटी ठेवली आणि कुठल्याच देशाची मानली नाही. १९०० ते १९२० या काळात ती ऑलिम्पिकमध्ये होती, हे सांगितलं की पोरं जरा गंभीर होतात. जागतिक स्पर्धांत आठ-आठ जण असतात आणि वर्गवारी संघाच्या एकूण वजनावर होते. आम्ही तेच केलं. किराणावाल्याच्या तांदळाच्या काट्यावर सगळ्यांना चढवलं. ४२० किलोच्या आत जितके बसतील तितके. त्यामुळे घानाचे नऊ जण आणि जपानचे सात, पण तोल सारखा. 'आमच्यात जाडे कमी आले' हे रडगाणं बंद झालं. आणि ड्रेनेजच्या झाकणापासून लांब, पालिकेच्या मैदानातल्या मातीत घेतली.

शिट्टीवाला

वजनाची युक्ती उचलतोय.

एक कळकळीची सूचना. दोर कोणता वापरता? नायलॉनचा वापरू नका. तो ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा उलटा येतो. १९९७ मध्ये तैपेईत सोळाशे लोकांच्या रस्सीखेचीत नायलॉनचा दोर तुटला आणि दोघांचे हात गेले. जाड काथ्याचा किंवा सुताचा दोर घ्या, आधी पाण्यात भिजवून, ताणून बघा. आणि मनगटाला किंवा कमरेला दोर गुंडाळायचा नाही हे प्रत्येक पोराला वेगळं सांगा. शेवटच्या गड्याला गुंडाळायची हौस असते. आमच्याकडे एकाचं बोट मोडलंय म्हणून सांगतोय.

चौथामजला

धन्यवाद, हे मीटिंगमध्ये वाचून दाखवतो. आमचा दोर मंडपवाल्याकडचा आहे. कसला आहे हे मी आजवर बघितलंच नव्हतं, लाज वाटते सांगायला.

ऑकलंडकर

उशिरा आलो. पहिल्या वर्षी तुमच्याकडे न्यूझीलंड होतं असं वाचलं. पोरांनी हाका, म्हणजे इथल्या मूळ माओरी लोकांचा समूहनाच, केला होता का?

चौथामजला

केला होता. जीभ बाहेर काढून, मांड्या थोपटून, मध्ये कोंबडीचा आवाज. सगळे खूप हसले होते. का?

ऑकलंडकर

राग नाही, फक्त सांगतो. माझी मुलगी इथल्या शाळेत शिकते, तिथे हाका शिकवतात. रग्बीच्या संघामुळे जगभर गाजलेला 'का माते' हा हाका सुमारे १८२० मध्ये ङाती तोआ जमातीचा प्रमुख ते रौपराहा याने रचला. २०१४ मध्ये इथे कायदा झाला की व्यापारी वापर करताना त्याचं श्रेय द्यायचं. शाळेत तो पाहुण्याच्या स्वागतालाही करतात, मृत्यूनंतरही करतात. मी पहिल्यांदा एका शिक्षकांच्या अंत्यविधीला पाहिला, शंभर मुलं एका वेळी, तेव्हा अंगावर काटा आला होता. आपल्या पोवाड्यात कोणी कोंबडीचा आवाज काढला तर कसं वाटेल, तसं.

तुमच्या दुसऱ्या वर्षीच्या नियमात हे आपोआप टळलंय. त्यांचा खेळ शिकून दुसऱ्याला शिकवायचा म्हटलं की टवाळी होत नाही.

चौथामजला

खरं सांगायचं तर हे डोक्यातच आलं नव्हतं. कोंबडी काढणारा मीच होतो. मुलीला सांगा, चुकलं.

मधुमालती

बरं, आता यंदाचे देश सांगा. आणि तो पिंपामागचा मुलगा? दुसऱ्या वर्षी खेळला का?

चौथामजला

खेळला. फिलिपिन्समध्ये होता. आज्जींनी सूरपाटीवर उभा केला तो हाच. त्याची स्वतःची आज्जी या वेळी त्याच्या मनगटाची फीत नीट पाठ करून आली होती आणि तरीही मध्येच जपानसाठी टाळ्या वाजवत होती, कारण जपानच्या चेंडूंना शिवण तिची होती. त्याला काही वाटलं नाही. तसंही सहापैकी पाच संघांच्या बाजूने तिथे कोणी ना कोणी ओरडत होतं. पोलंडच्या बाजूने सगळेच ओरडत होते, डलंपोमुळे.

जिंकलं घाना, दीड गुणाने. दीड का, त्यावर अजून चर्चा चालू आहे. लोण न ओरडल्याबद्दल आज्जींनी अर्धा गुण कापला होता आणि फिलिपिन्सच्या पंचांची तो परत लावायची हिंमत झाली नाही.

यंदासाठी भूतान, ब्राझील आणि दक्षिण कोरिया नवीन घेतोय. जपान, घाना आणि डलंपो यांना लोक सोडायला तयार नाहीत. ब्राझीलचा पेतेका सोपा आहे, पिसांचं मोठं फूल तळहाताने उडवायचं, जाळीसाठी बॅडमिंटनची चालेल. कोरियाची युत म्हणजे चार काठ्या उधळून सोंगट्या पुढे सरकवायच्या, पटावरचा खेळ. तो सांघिक करायचा तर पट पटांगणाएवढा आखून सोंगटी म्हणून पोरंच उभी करावी लागतील. भूतानचं अडलंय. तिकडचा खुरू म्हणजे लांबून जड, टोकदार बाण हाताने फेकून छोट्या लक्ष्यावर मारायचा. टोकदार वस्तू म्हटल्यावर सेक्रेटरींनी लगेच हात वर केले. टोकाऐवजी काय लावावं सुचवा.

सूरपाटी

टोकाला जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा आणि लक्ष्याला ओली माती थापा. बाण आपटला की खूण उमटते, मोजायलाही सोपं. पण फेकणाऱ्याच्या समोर कोणी उभं राहायचं नाही. भूतानमध्ये खेळाडू लक्ष्याच्या जवळ उभे राहून नाचतात, ते मात्र घेऊ नका.

चौथामजला

ट्यूब आणि ओली माती, उत्तम. आमच्या गल्लीत सायकलवाला आहे.

शेवटचं एक. डोंबिवली-कल्याण भागात कोणाकडे तागाची जुनी पोती असतील तर व्यक्तिगत निरोप करा, वीस-पंचवीस हवीत. पोत्यातली शर्यत इंडोनेशिया नसलं तरी ठेवायचीच आहे. गेल्या वर्षी प्लास्टिकची वापरली, घसरून चार गुडघे फुटले. किराणावाला तागाची द्यायला तयार आहे, पण म्हणतो आत तांदूळ आहे तो आधी विकत घ्या.

पेन्शनर

माझ्याकडे सहा आहेत. ठाकुर्लीला राहतो. येऊन घेऊन जा, आणि येताना त्या आट्यापाट्यांच्या आज्जींनी मोजलेली पावलं कागदावर लिहून आणा. आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींना हवी आहेत.